वाचून दाखवलेला जबाब

या, जरा जवळ बसा, आणि आधी कान धरते तुमचे. पोर समोर आलं की पहिला प्रश्न टक्क्यांचा! शोभतं का? म्हणूनच आज लिहून सांगते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण ती केस डोक्यातून जात नाही.

मी तेव्हा मीरा रोडला सहायक फौजदार होते. एके दुपारी हाटकेशच्या कारखान्यांतल्या एका गाळ्यात पॅकिंग करणारी बाई ठाण्यात आली, मूळची रत्नागिरीची. सातवीतली मुलगी सकाळी गणवेश घालून निघाली, ती घरी परतलीच नव्हती. मुलगी अल्पवयीन, म्हणून नियमाप्रमाणे अपहरणाचा गुन्हा नोंदवला, वर्णन वायरलेसवर दिलं.

चारच्या सुमारास किनाऱ्यावरच्या तारोडी गावाहून एका कोळीणबाईंचा फोन. "मॅडम, इथं एक पोर हाय, शाळेच्या कपड्यात. घरी जा बोलते तर जात न्हाय."

जीप घेऊन गेलो. पोरगी चक्क बोंबील वाळत घालत होती. दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवायची आणि दोरीवर टाकायचे, भराभर. कोळीणबाई म्हणाल्या, "सकाळी शिकवलं, आता माझ्यापेक्षा हात चालतो तिचा. ठेवू का हिला?" पोरगी हसली. माझी वर्दी दिसली आणि हसू गेलं.

ठाण्यात तोंड उघडेना. कुणी नेलं? कुणी मारलं? नुसती मान हलवून नाही. गप्प बसलेलं पोर बहुतेक वेळा कुणाला तरी सांभाळत असतं, हे मला नोकरीनं शिकवलेलं. वर्गाच्या बाईंना हजेरीपटासकट बोलावलं. मी त्या दिवसाचं पान पाहून मागची पानंही उलटली. त्या दिवशी सगळ्या शाळांना एकच पेपर होता, कुठला वर्ग कितवा ते ठरवणारा. ही धरून पाच मुलं गैरहजर. आधीच्या तशाच परीक्षांनाही नेमकी तीच पाच गैरहजर. एरवी हजर!

"बाई, ही पाच पोरं परीक्षेलाच कशी आजारी पडतात हो?"

तरुण पोरच होती ती शिक्षिका, कंत्राटी. रडायलाच लागली. "मॅडम, वर्गाची सरासरी घसरली की आम्हाला मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर उभं करतात. मीच सांगितलं त्यांना, येऊ नका."

बाई बोलल्यावर मुलीनंही तोंड उघडलं. आधीच्या वेळी ती शाळा सुटेपर्यंत बागेत बसून वेळेवर घरी जायची. या वेळी बसमध्ये बसली आणि दूर गेली. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आईला नका सांगू ना. आईला वाटतं मी हुशार आहे."

मी "बरं" म्हणाले.

आणि मग जबाब लिहिला. जबाब पालकासमोर वाचून दाखवायचा, मग सही घ्यायची, ही आमची रीत. मीच वाचला, खणखणीत आवाजात. "मी अभ्यासात कच्ची असल्याने माझ्यामुळे वर्गाचा निकाल खाली येतो, म्हणून बाईंनी मला येऊ नको असे सांगितले..."

आईनं सही केली. म्हणाली, "शाळेलाच नको असेल तर आम्ही तरी कशाला पाठवू?"

मुलीनं आईकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

एका दिवसात तपास पूर्ण, साहेबांनी पाठ थोपटली. मी शिक्षण खात्याला अहवाल पाठवला. त्या बाईंची नोकरी गेली, परीक्षा होती तशीच राहिली. दोन महिन्यांनी हाटकेशला गेले, तर पोरगी आईशेजारी बसून खोक्यांवर लेबलं चिकटवत होती. मला बघून खोक्यांआड गेली.

जबाबातला शब्द न् शब्द खरा होता. पण "बरं" म्हणाले होते ना मी? आईला आधी बाजूला घेऊन दोन शब्द बोलता आले असते. आणि मी स्वतः दहावीला गणितात दोनदा आपटलेली! तारोडीहून येताना जीपमध्ये तेवढं सांगितलं असतं तरी चाललं असतं. वर्दीत असलं सांगायचं नसतं, असं वाटायचं तेव्हा.

आता ती विशीत असेल. बाळा, हे वाचत असशील तर मी अजून मीरा रोडलाच आहे. ठाण्यात विचारलंस तर घर दाखवतील. वर्दी कधीच कपाटात गेली. तुला काही विचारणार नाही, माझंच सांगायचं राहिलंय. लवकर ये.