घरगुती कारणास्तव

दोन हजार आठ साली माझ्या बायकोच्या नोकरीला वीस वर्षं पूर्ण झाली. पहिली नऊ आंबेगाव तालुक्यात, जिल्हा परिषदेच्या आरोग्य केंद्रात. पुढची अकरा आमच्या जुन्नर तालुक्यात, सरकारी ग्रामीण रुग्णालयात. दोन्हीकडं नर्सच. तोवर तिची कंबर पार गेली होती. रात्रपाळी करून सकाळी घरी आली की भिंतीला हात टेकून थोडा वेळ उभी राहायची, मगच पायरी चढायची. वीस वर्षं भरली की स्वेच्छानिवृत्ती घेता येते आणि पेन्शन सुरू होते, हे रुग्णालयात सगळ्यांना पाठ होतं. ती म्हणाली, "आता बास. टाकते अर्ज."

अर्ज परत आला. शेरा दोन ओळींचा होता. जिल्हा परिषदेतल्या नोकरीचा राजीनामा दिलेला असल्यानं ती सेवा पेन्शनसाठी धरता येत नाही. धरण्याजोगी सेवा अकरा वर्षं.

म्हणजे आता सोडली तर हातात काही नाही, आणि पेन्शन हवी असेल तर आणखी नऊ वर्षं रात्रपाळ्या. मी गावच्या पतसंस्थेत हिशेबनीस आहे. एका पानावरची बाकी दुसऱ्या पानावर ओढायची, हेच आयुष्यभर करत आलो. इथं पान उलटलं आणि नऊ वर्षांची बाकी मागंच राहिली. त्या दिवशी मला एका जागी बसवेना. ओट्यावरून फाटकापर्यंत, फाटकापासून ओट्यापर्यंत. शेवटी आई ओरडली, "आरं बस की खाली, भोवंड याया लागली मला!"

तो राजीनामा कसा दिला गेला, ते मला चांगलं आठवत होतं. सत्त्याण्णव साली ग्रामीण रुग्णालयाच्या जागा निघाल्या, तेव्हा आम्ही महाळुंगे पडवळला खोली घेऊन राहत होतो. निमगाव साव्याचं घर, शेती, आईवडील इकडं आणि आम्ही तिकडं. तिनं अर्ज भरला तो गुपचूप. आईची ताकीदच होती, "हातात कागद पडंस्तवर तोंड उघडायचं न्हाई." आमच्याकडं मुलीची सोयरीक असो की विहिरीचं काम, पक्कं होईपर्यंत कुणी बोलत नाही. बोललं की मोडतं, आणि नाही मोडलं तर कुणीतरी मोडतंच. त्यात तिला भीती होती की आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना कळलं तर ते अडवतील. नर्स आधीच कमी होत्या. निवड झाली, आदेश आला, तरी ती गप्प राहिली. राजीनाम्यात लिहिलं, घरगुती कारणास्तव. बहिणीच्या लग्नाला, हिवतापाला, ज्वारीच्या काढणीला, प्रत्येक रजेच्या अर्जात तिनं तेच लिहिलं होतं. सगळेच लिहितात.

नव्या जागी हजर व्हायला महिन्याची मुदत होती. तिनं मध्ये आठ दिवस घेतले, कारण गावची यात्रा होती आणि लग्नापासून एकही यात्रा तिला पूर्ण मिळाली नव्हती. नोकरीत नसलेले तिचे तेवढेच आठ दिवस. रोज दुपारी ती झोपली. हजर झाल्यावर ओझरच्या गणपतीपुढं पेढे ठेवले, आणि मगच गावात वाटले.

मला वाटत होतं, ते आठ दिवसच आड आले असणार. आरोग्य खात्याच्या पुण्याच्या कार्यालयात गेलो, तर तिथल्या कारकुनानं मान हलवली. "आठ दिवसांचं काही नाही हो. तेवढा खंड माफ करून घेता येतो. तुमचं कारण चुकलंय. दुसऱ्या सरकारी नोकरीवर जायला परवानगी मागितली असती, राजीनाम्यात तसं लिहिलं असतं, तर दोन्ही सेवा जोडल्या असत्या. बाई घरगुती कारणानं घरी बसल्या, असं कागद सांगतो."

"पण त्या घरी बसल्या नाहीत. आठ दिवसांनी तुमच्याच दवाखान्यात होत्या."

"ते मला दिसतंय. कागदाला दिसत नाही. तेव्हाचे डॉक्टर हयात आहेत का? त्यांना काय आठवतं, ते लिहून आणा. बघू."

डॉक्टर निवृत्त होऊन मंचरला राहत होते. आम्ही दोघं नारायणगावला एसटी बदलून गेलो. रस्ताभर ती एकच घोकत होती, "साहेबांना काय सांगू? तुमच्यापासून लपवलं म्हून?"

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून हसले. "सिस्टर, तुमची निवड झाल्याचं तुमच्याआधी मला कळलं होतं."

"कसं काय साहेब?"

"आपला शिपाई! त्याचा मेव्हणा पुण्याला, निवडीची यादी काढणाऱ्या कार्यालयात. सकाळी यादी लागली, संध्याकाळी आपल्या दवाखान्यात बातमी. फार्मासिस्टला माहीत, ड्रायव्हरला माहीत. स्वयंपाकाच्या बाई तर विचारत होत्या, पेढे देतील का निमगावला गेल्यावर विसरतील."

तिचा चेहरा पडला. "मग तुमी बोलला का न्हाई?"

"तुम्ही एवढं झाकून ठेवलेलं, मी कसं उघडं करू? बोललो असतो तर वाटलं असतं, साहेब अडवायला बघतायत. म्हटलं, जाऊ दे, बाईंचं चांगलं होतंय. घरगुती कारण वाचलं आणि सही केली."

आत जाऊन त्यांनी कागद आणला. या निवडीची मला त्या वेळी कल्पना होती, असं लिहिलं आणि पेन थांबवलं. "परवानगी दिली होती, असंही लिहू? कोण बघतंय आता?"

मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "नको साहेब. मी मागितलीच नव्हती."

परतीच्या एसटीत खिडकीकडं बघत ती म्हणाली, "म्हंजी सगळ्यांना ठाऊक व्हतं. मी एकलीच लपवत व्हते."

कागद पाठवला आणि माझी येरझार पुन्हा सुरू झाली. पोस्टमन रोज दुपारी येई. मी जेवण अर्धवट टाकून पतसंस्थेतून घरी चक्कर मारी. तो लांबूनच हात हलवायचा, "न्हाई भाऊ, आज बी न्हाई!" पावसाळा गेला, कांद्याची रोपं टाकून झाली, तेव्हा उत्तर आलं. अधिकाऱ्यास माहिती असणे म्हणजे परवानगी नव्हे. पूर्वीची सेवा जोडता येत नाही.

मी ते चार वेळा वाचलं. भांडायला जागा सापडेना. मंजुरीची सही नसेल तर माझ्या पतसंस्थेत मीही व्हाउचर पास करत नाही. सगळ्यांना माहीत आहे, एवढ्यावर तर नाहीच नाही. हे पटत होतं, म्हणून जास्तच जळत होतं.

ती कमरेला पट्टा बांधून कामावर जात राहिली.

पुढच्या उन्हाळ्यात तिच्या रुग्णालयातली एक तरुण नर्स दुसऱ्या सरकारी खात्यात निवडली गेली. कुणाला बोलली नव्हती, म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. घरगुती कारणाचा राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवलाय, हेही. आता तर नव्यानं लागणाऱ्यांची जुनी पेन्शनच बंद झाली होती. ही मुलगी त्याआधी लागलेली. तिची मागली सेवा तुटली असती, तर ती नव्या माणसांतच मोजली गेली असती.

वॉर्डात अधीक्षक डॉक्टर फेरीला आले असताना माझी बायको मोठ्यानं म्हणाली, "काय गं, पेढं कवा? आर्डर आली म्हनं!"

मुलगी पांढरीफटक पडली. अधीक्षकांनी पेन थांबवून विचारलं, "कसली ऑर्डर?"

मग मात्र सगळं रीतसर करावं लागलं. परवानगीसाठी अर्ज, त्यावर शेरे, दोन महिने हेलपाटे. मुदत संपता संपता परवानगी आली. त्या दोन महिन्यांत मुलगी हिच्याशी एक शब्द बोलली नाही. जिन्यात मात्र एकदा अडवून म्हणाली होती, "मावशी, काय वाईट केलं व्हतं मी तुमचं?" शेवटच्या दिवशी तिनं सगळ्या वॉर्डाला पेढे वाटले, हिला सोडून.

मला राग आला. त्या संध्याकाळी मी म्हटलं, "एक पेढा द्यायला काय झालं होतं तिला?"

ती पट्ट्याचा बंद ओढत होती. "पेढ्याचं ऱ्हाऊ द्या. राजीनाम्यात कारण नीट लिवलंय, मी सोता बघितलं." डबा घेऊन ती एसटीला निघाली, पायरीवर क्षणभर थांबली, मग उतरली. मी फाटकापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो.