ड्रममधली बाग

अख्ख्या भिलाईत झाडाले शिस्त लावणारा माणूस एकच, आणि तो नेमका आमच्या भिंतीले भिंत लावून राहते. मी त्याईले काका म्हणतो. स्मृती नगरातल्या आमच्या गल्लीची एक समिती आहे. तिचे अध्यक्ष, सचिव, शिपाई, सगळं काकाच. बाकीचे मेंबर फक्त चहाले येतात. आंगणाचे नियम त्याईनंच केले. मेहंदीची बाड कंबरेच्या वर नाही, गवत चपलेच्या वर नाही, फांदी-डगाल भिंतीच्या बाहेर नाही, आणि पाला नालीत दिसला त समजा त्या दिवशी तुमचं काही खरं नाही. सकाळी काका कैंची घेऊन निघाले का लोक आपापल्या झाडाकडे असे पाहत, जसे मायबाप रिझल्टच्या दिवशी पोराकडे पाहतात. एकदा समोरच्या गुरुजीची बोगनवेल वीतभर रोडवर आली. गुरुजी आंघोळ करून बाहेर येतात त वेल साफ. "कावून हो, विचारायचं त होतं," गुरुजी म्हणाले. काका म्हणाले, "भिंतीच्या आत होती तवर तुमची होती. बाहेर आली का पब्लिकची झाली. मी पब्लिक."

मले नकला करायचा जुना रोग आहे. भिंतीमागून काकाईच्या आवाजात नुसतं "बाड वाढली वाटते" म्हटलं का अर्धी गल्ली कैंची शोधाले धावे. काकूले, म्हणजे काकाईच्या बायकोले, हे लय आवडे. पोट धरून हसे, आणि मंग म्हणे, "अजून एक डाव कर ना बाबू. पन आधी खाकरून घे. हे खाकरल्याबिगर कोनाले बोलत नाही."

एवढ्या कायदेवाल्या माणसाच्या आंगणात जमिनीत एकही झाड नाही, हे ऐकून नवा माणूस चक्रावते. लिंबू, पेरू, कढीपत्ता, सगळं लोखंडी ड्रमात. ड्रमाले दोन्हीकडून कान वेल्ड केलेले, उचलाले सोपे जावे म्हणून. कारण असं, का काकाईची सारी नोकरी स्टील प्लांटात झाली आणि संसार प्लांटानं देलेल्या सेक्टर दहाच्या क्वार्टरात. तिथं काकूनं मागच्या आंगणात जांभूळ लावलं होतं. पोरं त्याच्याखाली मोठी झाली, लग्न होऊन बाहेरगावी गेली. काका रिटायर झाले, क्वार्टर खाली केलं. पुढं एक दिवस दोघं सहज तिकडे गेले त जांभळाच्या जागी नव्या लोकाईच्या कारचं शेड उभं. काकू घरी येऊन जेवलीच नाही. तवापासून काकाईचा कायदा पक्का: "जमिनीत लावलेलं झाड जमीनवाल्याचं. आपलं तेच, जे टेम्पोत चढते."

मी म्हटलं, "काका, पन हे घर त तुमचंच आहे ना. रजिस्ट्री आहे."

"तुले अजून क्वार्टर खाली करा लागलं नाही बे. तुले काय समजते."

त्या जुन्या जांभळाच्या बीपासून काकूनं एक रोप केलं होतं. तेही ड्रमात. वाढेही ना, मरेही ना.

मंग काकूच्या पोटात गाठ निघाली. पोट उघडून पाहिलं आणि तसंच शिवलं. डॉक्टरनं काकाईले बाहेर नेऊन सांगितलं, आणि काकूनं त्याईचं तोंड पाहूनच ओळखलं. घरी आणलं तवा खाट खिडकीपाशी टाकली. काकूनं दुसरं काहीच मागितलं नाही. म्हणे, "मी त चाललीच. त्या जांभळाचे पाय तरी जमिनीले लागू द्या." काका ऐकत आणि उठून कोणाची तरी बाड छाटाले जात. त्या दिवसात गल्ली इतकी साफ झाली का पाहवत नव्हतं.

एक दिवस दुपारी मी काकूपाशी बसलो होतो. म्हणाली, "हसवू नको, टाके दुखतात. एक काम कर. याईच्या आवाजात म्हन, लावतो वो, उद्या जमिनीत लावतो." मी खाकरलो आणि म्हटलं. काकूनं डोळे मिटले. "बरं," म्हणाली, जशी खरंच काकाईले म्हणून राहिली. मागं पाहतो त दारात काका, हातात औषधाची थैली. मले वाटलं, आता कानाखाली पडते. काकाईनं थैली माह्या हातात देल्ली.

"मी इतका खाकरतो का बे?" म्हणाले, आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका टेप घेऊन आंगणात. झाड भिंतीपासून पाच फूट, सेप्टिक टाकीपासून दहा, नळाच्या पाइपापासून लांब, डोक्यावर वायर नको. हे सगळे नियम त्याईचेच, आणि आंगण एवढंसं. मोजून मोजून घाम निघाला, जागा निघे ना. मी म्हटलं, "एखांदा नियम ढिला करा ना."

"मंग गुरुजीले काय तोंड दाखवू?"

खिडकीतून काकू म्हणाली, "अजी, मले पुरून टाकाले जागा शोधून राहिले का?"

"तू चूप राह्य," काका म्हणाले. मंग तीच जागा पुन्हा मोजाले लागले.

सगळ्या नियमात बसणारी जागा एकच निघाली, गेटाच्या ऐन समोर, येण्याजाण्याच्या वाटेवर. काकाईनं टेप गुंडाळून खिशात ठेवला. मंग सब्बल आणली आणि खोदाले लागले. ड्रम ग्रायंडरनं कापला. जांभूळ जमिनीत गेलं, आणि गेटाच्या दोन पल्ल्यातला एकच उघडाले लागला, तोही अर्धा. येणारा जाणारा आंग चोरून आत येई. काकूले खिडकीतून झाड समोरच दिसे. पहिली नवी पानं फुटली, तांबडी, चिकट. ती तिनं पाहिली. पुढची पाहाले ती नव्हती.

काकूची तिरडी गेटातून निघे ना. कोणीतरी म्हणालं, रोप आता काढू, मंग पुन्हा लावून देऊ. काका झाडासमोर उभे झाले, म्हणाले, "हात लावून त पाहा." म्हणून काकूले आम्ही भिंतीवरून नेलं. आतून आम्ही उचललं, बाहेरून गुरुजीनं आणि बाकीच्याईनं खांद्यावर घेतलं.

पाहुणे गेले, पोरं आपापल्या गावी परतली. एक दिवस काका झाडाले पाणी घालून राहिले होते. मी म्हटलं, "काका, गेट तरी दुसऱ्या बाजूनं काढा. उद्या तुमाले न्यायचं झालं त पुन्हा भिंतीवरून नेऊ का?" तोंडातून निघून गेलं तवा समजलं, काय बोललो ते.

काका रागावले नाही. पाइप आळ्यात सोडला आणि शेंड्याकडे पाहिलं.

"तवर मोठं होईन ते," म्हणाले. "घाई नोका करू. भिंतीवरून काढाच्या आधी मले सावलीत ठेवजा जराक वेळ."