चेहरा लागत नव्हता

"आजोबा, एसीवाले मागच्या दाराने."

हॉलच्या दारातली पोरगी मला असं म्हणाली. गळ्यात बिल्ला, तोंडावर हसू. मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो होतो. टोपी कोरी होती. तरी तिला मी दुरुस्तीवालाच दिसलो.

"मी भाषण ऐकायला आलोय."

"कुठलं?"

"कला आणि तंत्रज्ञान." घरून पाठ करून गेलो होतो.

तिच्या शेजारचा पोरगा म्हणाला, "आजोबा, कीर्तन नाहीये हे. झोप येईल तुम्हाला."

"आली तर आली. बाहेर लिवलंय, प्रवेश सर्वांना खुला. मी सर्वांत येतो का न्हाय?"

त्याने पोरीकडे बघितलं. पोरीने खांदे उडवले. मी आत गेलो.

आत गारवा होता. मधली एक खुर्ची बघून बसलो. थोड्या वेळाने बिल्लेवाला एक साहेब आला. "अहो काका, ही रांग निमंत्रितांची आहे. आपण जरा मागे." मागे गेलो. तिथे कंपनीतली पोरंपोरी आली, गळ्यात पट्ट्यावर टांगलेली ओळखपत्रं. पुन्हा उठवलं. शेवटी कडेच्या पायरीवर बसलो. मला काही वाटलं नाही. मंडईत पाटी वाहण्यात जन्म गेला, पायरीवर बसायची सवय आहे. आणि मी काही भाषणासाठी गेलो नव्हतो. मला माझ्या बायकोचा फोटो पाहिजे होता.

माझी बायको हौसा. मंडईच्या बाहेर, फळांच्या बाजूला, पोत्यावर कोथिंबीर-मेथी घेऊन बसायची. मी आत पाट्या वाहायचो, ती बाहेर जुड्या विकायची. तिच्या उजव्या हातावर गोंदलेलं होतं. वर तुळस, मध्ये विंचू, खाली माझं नाव. लग्नाच्या वर्षी जत्रेत गोंदून घेतलेलं. तिला वाचता येत नव्हतं, पण कुठलं अक्षर कुठे आहे ते बोटाने दाखवायची.

नवऱ्याचं नाव ती तोंडाने घेत नसे. आमच्यात कोणी घेत नसे. रेशनच्या ऑफिसात, दवाखान्यात, कोणी विचारलं, "नवऱ्याचं नाव?" की ही पदर सावरायची आणि हात पुढे करायची. वाचा म्हणायची. कारकून हसायचे. हिला काही लाज नव्हती. शेवटच्या आजारात सरकारी दवाखान्यात नर्सने विचारलं, तेव्हाही तसाच हात पुढे केला. बोलायला दम नव्हता, तरी हात उचलला. सलाइनची सुई नावाच्या जरा वर टोचलेली होती.

ती गेली. जाळताना बांगड्या काढल्या. गोंदण काढता येत नाही. ते तिच्याबरोबर गेलं, असं मी धरून चाललो.

मग भिंतीवर लावायला फोटो शोधला. नाही. लग्नात फोटोवाला नव्हता, त्यानंतर कशाला काढतोय. मतदानाच्या ओळखपत्रावर एक होता. स्टुडिओवाल्याने तो मोठा करून दिला, तर नुसता धूर. डोळे कुठे, नाक कुठे, कळेना. सून म्हणाली, "मामा, राहू द्या, असाच लावू." मी म्हणालो, ही तिच्यासारखी नाही. कोणा दुसऱ्याच बाईला हार घालू काय?

खिळा मारून ठेवला होता. तो तसाच राहिला.

तेव्हा मला ती पोरगी आठवली. हौसा जाण्याआधी काही वर्षं, मंडईत एक कॅमेरावाली पोरगी आली होती. मोबाइलमध्ये कॅमेरे यायचे होते तेव्हा. "मावशी, हात दाखवा ना. मावशी, इकडे बघा ना." हौसाचे खूप फोटो काढले तिने. मागच्या काचेत लगेच दिसायचे. हौसाने तिथे स्वतःचं तोंड बघितलं आणि तोंडावर पदर धरून हसली. "अगं बया, म्हातारी झाले की मी." मी पाटी उतरवून तिथेच उभा होतो. फोटो चांगला होता. ऊन गालावर पडलं होतं. हसताना डोळे मिटतात, त्याच्या जरा आधीचं हसू होतं.

"मला एक दे गं बाई," हौसा म्हणाली.

"देते ना मावशी. पुढच्या आठवड्यात आणते."

हौसाने तिला दोन जुड्या फुकट दिल्या.

पुढचा आठवडा आला नाही. खांद्याला काळी पिशवी अडकवलेली कोणीही पोरगी लांबून दिसली की हौसा पदर नीट करायची. ती जवळून निघून गेली की पुन्हा जुड्यांवर पाणी शिंपडायला लागायची. माझ्याशी एकदाही त्याबद्दल बोलली नाही.

आणि यंदाच्या उन्हाळ्यात मंडईच्या भिंतीवर जाहिरात लागली. उन्हाळी महोत्सव. भाषणं. मधोमध एक मोठा हात. मी तिसरी शिकलो, अक्षर जुळवून वाचतो. पण हाताला वाचायची गरज नव्हती. तुळस. विंचू. करंगळी वाकडी, हातगाडीच्या चाकात सापडून मोडलेली. हौसाचा हात.

पण खाली माझं नाव नव्हतं. नावाच्या जागी नुसती कातडी. मला वाटलं, माझे डोळे गेले. जवळ जाऊन बोट फिरवून बघितलं. नाव नव्हतं.

म्हणून गेलो. म्हणालो, भाषण करणारी तीच पोरगी असणार. तिच्याकडे फोटो असणार. मागून घ्यायचा.

तीच होती. आता मॅडम झाली होती, केस बारीक केलेले. बोलायला चांगली. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी. पडद्यावर हात येत होते, जात होते. म्हणाली, "या हातांना चेहरा नाही, म्हणून हे हात आपल्या सगळ्यांचे आहेत." लोकांनी माना डोलावल्या.

मग हौसाचा हात आला. भिंतीएवढा. त्याच्यावर माझं नाव होतं. पायरीवरून मला माझं नाव दिसलं, माझ्या उंचीपेक्षा मोठं. 

मॅडम म्हणाली, "इथे काही अक्षरं होती. त्यांच्यामुळे डिझाइनची लय बिघडत होती. आता बघा, तंत्रज्ञान काय करतं."

बटण दाबलं. नाव गेलं.

कोणी तरी 'वाह' म्हणालं.

मी उभा राहिलो.  "बाई, फोटो पाहिजे."

मघाचा बिल्लेवाला साहेब धावत आला. "काका, मॅडमबरोबर फोटो कार्यक्रम संपल्यावर. आणि प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचेत."

लोक हसले. एसीच्या गारव्यात बसून हसले.

"मॅडमबरोबर नको. माझ्या बायकोचा पाहिजे. तो हात हौसाचा हाय. पुसलं ते माझं नाव हाय."

हसू थांबलं. मॅडमने डोळ्यांवर हात धरून माझ्याकडे बघितलं. आणि काय वाटलं असेल तिला, खुश झाली. "अहो, या ना वर. बघा, बघा, कला अशी समोर येऊन उभी राहते." टाळ्या पडल्या. मला स्टेजवर नेलं. हातात माइक दिला नाही, मॅडमनेच माझ्या तोंडापुढे धरला, डॉक्टर चमचा धरतो तसा.

"मावशी कुठे आहेत? त्यांना का नाही आणलंत?"

"जाळली."

 मग, "सॉरी," म्हणाली. खरंच वाईट वाटलं असेल तिला, मी नाही म्हणत नाही.

"तुम्ही तिचं तोंड काढलं होतं. मंडईत. ती हसली होती. तेवढा फोटो द्या. मी निघतो."

मॅडमने कॉम्प्युटरवाल्याकडे बघितलं. त्याने नाही म्हणून मान हलवली. मॅडम माझ्याकडे वळली. आवाज बारीक केला, पण माइक चालू होता, सगळ्या हॉलने ऐकलं.

"चेहरा आम्हाला लागत नव्हता, आजोबा. आम्ही हात तेवढे ठेवले."

 माझ्या डोक्यात मंडई फिरत होती. ए पाटीवाला. ए इकडे. पाठ वाकव. जन्मभर माझी पाठ बघितली लोकांनी. ज्यांची भाजी मी गाडीत ठेवली त्यांनी पैसे देताना पाकिटात बघितलं. दुपारभर उन्हात बसलेल्या हौसाच्या जुड्या उलटसुलट करून बघितल्या, तिच्याकडे नाही. आमचा चेहरा कोणाला लागत नव्हता. मला वाटायचं, हे असंच असतं. उन्हासारखं. त्याला कोणी करणारं नसतं.

पण इथे करणारी माणसं समोर उभी होती. बसून ठरवलं होतं त्यांनी. हे ठेवू, हे टाकू.

बिल्लेवाल्या साहेबाला वेळ निभावून न्यायची होती. "आजोबांचा सत्कार करू या," म्हणाला आणि माझ्या खांद्यावर एक शेला टाकला. पुन्हा टाळ्या. मी खाली बघितलं. शेल्याच्या काठावर हात छापलेले होते. तुळस, विंचू, वाकडी करंगळी. तुळस, विंचू, वाकडी करंगळी. या टोकापासून त्या टोकापर्यंत हौसाचा हात, आणि एकावरही नाव नाही.

मी शेला काढला. घडी घातली. हौसा कपड्यांची घालायची तशी.

"ही तिची कातडी हाय. मी पांघरणार न्हाय."

"काका, प्रेमाने देतोय आपण," साहेब म्हणाला.

मॅडम घाईने म्हणाली, "हाताचा मोठा प्रिंट देते मी तुम्हाला. नावासकट. घरी पाठवते."

"हात नको. हात मी माझ्या हाताने जाळलाय. मला तोंड पाहिजे होतं. ते तुम्ही टाकून दिलं."

शेला टेबलावर ठेवला. माइककडे तोंड केलं, मॅडमने तो ओढून घ्यायच्या आत. "तिचं नाव हौसा. मंडईत कोथिंबीर विकायची. आता बोला काय ते तंत्रज्ञान."

उतरलो. टाळ्या पडल्या नाहीत. दारातली पोरगी बाजूला झाली.

आता हौसाच्या पोत्यावर मी बसतो. पाटी उचलत नाही, जुड्या विकतो. कॅमेरावाले येतात, आता सगळेच कॅमेरावाले. शेजारच्या बायकांच्या हातावर मोबाइल धरतात. मी उठतो. सांगतो, आधी नाव विचार. मग तोंड काढ. तोंड काढलंस तर छापून आणून दे. तोवर हात झाकलेला राहील. आता बायकाही तसंच सांगतात. पदर हातावर ओढून घेतात.

परवा एक जण चिडला. म्हणाला, "आजोबा, ही पब्लिक जागा आहे."

"जागा पब्लिक हाय," मी म्हणालो. "बाई न्हाय."

प्रिंट आला होता घरी, मंडईत पत्ता विचारून, गुंडाळी करून. सुनेला सांगून परत पाठवला.

खिळा भिंतीवर आहे. त्याच्यावर काही टांगायचं नाही असं घरात सांगून ठेवलंय. मी मेलो तर माझाही फोटो लावायचा नाही. तिचा नाही तर त्या भिंतीवर कोणाचाच नाही. आल्यागेल्याने विचारलं, इथे खिळा कशाला, तर त्याला बसवून घ्यायचं आणि हे सगळं पहिल्यापासून सांगायचं. मॅडम काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत सांगायचं.