मशिनीला वास नसतो

"टेपचं टोक पायाखाली धरा आजी, मी वाकत न्हाई."

परकराची उंची घेताना आमची शिवणकाम करणारी शेजारीण प्रत्येकीला हेच सांगायची. डिंगोऱ्यात, आमच्या गावात, उसाला लागून तिचं दोन खोल्यांचं घर होतं. मला वाटलं, कंबर धरली असेल. मी मलम नेऊन दिलं. तिने ते ठेवून घेतलं आणि नुसती हसली.

नातवंडांनो, तुमच्यातल्या एकीने फोनवर विचारलं होतं, बायका स्वतःचा धंदा का काढतात? मी या शेजारणीला तेच विचारलं. जिद्द, स्वावलंबन असं काही ऐकायला मिळेल अशी माझी समजूत.

"भ्याले म्हणून," ती म्हणाली. "खुरपायला बसलो व्हतो. शेजारच्या बाईला बिबट्यानं मानेला धरून नेलं. वाकलेलं माणूस त्याला शेळीवानी दिसतं."

दुसऱ्या दिवसापासून ती मजुरीला गेली नाही. दोन्ही शेळ्या विकून तिने जुनी शिलाई मशीन आणली. "शेळीच्या वासानं येतो त्यो. मशिनीला वास नसतो."

मशीन दारातच, तोंड उसाकडे. लेक शाळेतून पाच वाजता त्याच वाटेने यायची. साडेचारला ही हातातलं काम टाकून उभी. बायका चिडवायच्या, "अगं, लेक काय परदेशातनं येतीया?"

"तिथनं आली असती तर बरं. वाटंत ऊस नसता."

एकदा पाच वाजून गेले. सव्वापाच झाले. आम्ही दोघी बांधावर उभ्या. ती कात्रीने थाळी बडवत लेकीला हाका मारत होती. उसात सळसळ झाली, जवळ आली, थांबली.

"आई!"

हाक मागून आली. पोरगी शाळेतल्या बाईंच्या स्कूटरवरून डांबरी रस्त्याने आली होती. आम्ही तिला ओढतच घरात नेलं, कडी लावली. मग उसात कोण होतं, हे आम्ही दोघी कधीच बोललो नाही.

आठ दिवसांत तिने ओतूरला, एसटी स्टँडजवळ, गाळा घेतला.

"तिकडे गिऱ्हाईक जास्त का गं?"

"तिकडं ऊस न्हाई, आजी."

सामान टेम्पोत चढवताना गळ्यातली टेप दारासमोर पडली. तिने टेपकडे पाहिलं, उसाकडे पाहिलं आणि लेकीचा हात धरून टेम्पोत चढली.

घर बंद आहे. फुलं तोडायला जाते तेव्हा ती टेप मला रोज दिसते. तिचे आकडेही आता पुसट झालेत.

मीही अजून वाकलेले नाही.