चुना न लावलेलं वाळूक

बायकोच्या माहेरचं शेत सरकारच्या मिहान प्रकल्पात गेलं तेव्हा तिने तिथून फक्त वाळकाचं बी आणलं होतं. वाळूक काकडीसारखंच, पण बुटकं, हिरव्यावर पांढरट पट्टे असलेलं. कोवळं असताना कच्चं खायचं. पिकलं की त्याला खरबुजासारखा वास सुटतो. दर पावसाळ्यात ती आमच्या धरमपेठेतल्या गच्चीवर ते लावायची आणि पहिलं फळ बियासाठी राखायची. राखलेल्या फळाला चुन्याचं बोट लावायचं, म्हणजे घरातलं कोणी ते तोडत नाही, ही तिच्या माहेरची रीत.

गेल्या उन्हाळ्यात ती गेली. तिच्या डबीत, राखेत मिसळून ठेवलेल्या अकरा बिया होत्या. मी सगळ्या पेरल्या. चार हाताशी ठेवाव्यात, एवढंही सुचलं नाही. दोनच वेल आले. एक वाळला, दुसऱ्याला एकच फळ धरलं. त्याला मी चुना लावला नाही. घरात तोडणारं उरलं होतं कोण?

गणपतीनंतर सासूबाई राहायला आल्या. लेक गेल्यापासून त्यांचं जेवण सुटलं होतं. दोन घास भात खाऊन ताट सारायच्या. काहीही करा पण आईला खायला घाला, असं त्यांच्या मुलाने मला फोनवर बजावलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या गच्चीवर गेल्या आणि बराच वेळ वेलापाशी बसून राहिल्या. मी चहा घेऊन गेलो, तर म्हणाल्या, "जवाई, हे वाळूक तोडू का जी? चुना नाई लावला, म्हंजे खायाचंच असन."

खरं सांगायला मी तोंड उघडलंही होतं. पण इतक्या महिन्यांत त्यांनी पहिल्यांदाच खायला काही मागितलं होतं.

"तोडा," मी म्हणालो.

त्यांनी देठाकडचा तुकडा चाखून पाहिला. कडू नव्हता. मग फोडी केल्या, तिखट-मीठ लावलं, एक मला दिली. आतल्या बिया अजून पाणीदार होत्या, नखाने चिरडतील अशा. त्यातली एकही उगवणार नव्हती.

खाता खाता त्यांनी विचारलं, "बियाचं अलग ठेवलं ना जी?"

"ठेवलं."

"पोरगी शिकवून गेली तुमाले," त्या म्हणाल्या आणि दुसरी फोड उचलली.

मी माझी फोड हातात धरून बसलो होतो. त्यांचं लक्ष गेलं. "काहून नाई खाऊन राहिले?"

मग मीही खाल्ली, बियांसकट.