अन्ख चालवणारे उस्ताद

उस्ताद सकाळी स्टाफरूममध्ये शिरायचे ते एक क्रियापद चालवतच. “अन्खी, अन्खेक, अन्खेफ, अन्खेस...” मी जगतो, तू जगतोस, तो जगतो, ती जगते. आपण शाळेत संस्कृतचे धातू चालवायचो तसेच. फक्त ही भाषा पिरॅमिड बांधणाऱ्यांची, आणि ती बोलणारे आता कुणी उरलेले नाही. चहा ओतून होईपर्यंत उस्ताद अनेकवचनात पोचलेले असत.

आखातातल्या अल दुहैलच्या ज्या शाळेत मी हिशेब पाहतो, तिथे ते अरबी शिकवत. मूळचे इजिप्तचे, नाईलकाठच्या एका खेड्यातले; मी सांगलीचा. मला त्यांनी नावाने कधी हाक मारली नाही. “या मुहासिब”, म्हणजे अहो हिशेबनीस. आमचे बोलणे मोडक्या इंग्रजीत चाले, अडले की अरबी.

माहीत नाही तिथे ‘माहीत नाही’ म्हणायचे, ही त्यांची सवय मला फार आवडे. उच्चार बरोबर कोणता, असे मी विचारले तेव्हा म्हणाले, “कुणाला ठाऊक! त्यांनी फक्त व्यंजनं लिहिली. स्वर आम्ही अंदाजाने घालतो.” अर्थाचेही तेच. ‘तो जगतो’ आणि ‘तो जगो’ हे दोन्ही लिहिताना बहुधा सारखेच दिसतात. मला काही हे पटेना.

“मग ओळखायचं कसं, उस्ताद?”

“समोरच्या माणसाची तब्येत बघ आणि ठरव.”

सगळे हसले. त्या दिवसांत त्यांचे डोळे पिवळे दिसू लागले होते, हे आमच्या कुणाच्या लक्षात आले नव्हते.

यकृताचे दुखणे निघाले. बायको पूर्वीच वारलेली, मुलगा कॅनडात. मी शाळा सुटल्यावर हॉस्पिटलात जाई. माझी बायको मऊ खिचडी देई, डॉक्टरांच्या हुकमाने अळणी. एक घास खाऊन ते म्हणाले, “आमचे पूर्वज मेलेल्यांपुढेही याहून बरं जेवण ठेवायचे.”

परमुलखात पुरले जाण्याची त्या पूर्वजांना फार धास्ती होती, असे ते सांगत. तिथे पुरलेला माणूस पुन्हा जगत नाही, ही त्यांची समजूत. उस्ताद पाच वेळा नमाज पढणारे. असल्या गोष्टी मानत नसत. “श्रद्धा त्यांची नाही राहिली, मुहासिब. भीती तेवढी उतरली माझ्यात.” मग माझे मनगट धरून म्हणाले, “मी खलास झालो की मला गावी पाठव. बायकोच्या शेजारी जागा आहे.”

मी “इन्शाल्ला” म्हणून वेळ मारून नेली नाही. काय लागते त्याची रीतसर चौकशी केली. हिंदू माणूस इथे गेला की त्याची पेटी विमानात चढतेच, कारण इथे दहनाची सोय नाही. मुसलमानाला कबरस्तान आहे. त्यामुळे त्याला घरी नेणे हा घरच्यांच्या इच्छेचा प्रश्न होतो. मुलाची लेखी संमती लागणार होती. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, “अंकल, आत्तापासून कशाला ते? बाबा बरे होतील.”

उस्ताद पहाटे गेले. मी पुन्हा फोन लावला आणि त्यांचे म्हणणे शब्दशः सांगितले.

“दफन लवकर करावं, अंकल, असा धर्मच आहे. पेटी, विमान, यात दिवस जातील. आणि गावात आता आमचं आहे कोण? तिथेच होऊ दे. तेच सोपं.”

“त्यांची इच्छा होती.”

“मला माहीत आहे. मलाही म्हणाले होते. शुक्रन, अंकल.”

यापुढे माझा अधिकार नव्हता. दुपारच्या नमाजानंतर त्यांना पुरले. सगळ्यांबरोबर मीही माती लोटली. माती कसली, वाळूच. खड्डा फार लवकर भरला.

घरी आलो, आंघोळ केली. मुलगी समोर अभ्यास करत होती. मी तिला म्हटले, “मला काही झालं तर काय करायचं ते आई सांगेल. पण आई नसली, तर तुला माहीत पाहिजे.”

“बाबा, प्लीज. डोन्ट टॉक लाइक दॅट.”

“मराठीत सांग. काय करशील?”

तिने आईकडे पाहिले. मुलीने वही मिटली, परत उघडली. शब्द जुळवायला तिला वेळ लागला.

“नेईन,” ती म्हणाली. “सांगलीला. तुम्हाला घेऊन जाईन.”