समोर बसलेला माणूस

सिंदीला स्टेशनजवळ त्याचं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान आहे. तिथे गाणं सुरू असेल तर तो गिऱ्हाइकाशी बोलत नाही. हात वर करून त्याला थांबवतो आणि कडवं संपल्यावर विचारतो, "हं, काय बिघडलं?" लोक चिडतात. मीही एकदा चिडलो होतो.

गावोगावच्या जयंतीला मी स्वतः रचून गायचो, त्या सुरुवातीच्या गाण्यांचा संग्रह काढायचं ठरलं. माझ्याकडे एकही कॅसेट उरली नव्हती. त्याच्याकडे अकरा निघाल्या. तरुणपणी तो मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन श्रोत्यांत अगदी पुढेच बसायचा, हे मला ठाऊकच नव्हतं. तुटलेल्या फिती त्यानं चिकटवल्या, पेन्सिलीनं गुंडाळल्या आणि सगळी गाणी कॉम्प्युटरवर चढवली.

ऐकताना लक्षात आलं, प्रत्येक ध्रुपदाला एक बेसूर आवाज माझ्याहून मोठा येतो. मी त्याच्याकडे पाहिलं. तो उगाच स्क्रू शोधू लागला.

"तवा भान नाई राहे, दादा. ध्रुपद आलं का तोंड उघडूनच जाये. कोणाले सांगून तेवढा आवाज काढून घ्या."

माझ्या मागे उभे राहून गाणाऱ्या साथीदारांपैकी आता एकही हयात नाही. त्या गाण्यांना साथ दिलेला हा एकटाच उरला आहे. मी नाही म्हणालो.

"मंग माह्यं नाव तरी टाकू नोका."

ते मी ऐकलं. संग्रहावर साथीदारांच्या नावांखाली शेवटी छापलं आहे: कोरस, समोर बसलेला माणूस.